धुराड्याच्या नोंदी: १९२८ चं घर, भूकंप आणि होम इन्शुरन्स

५ एप्रिल २०२४, शुक्रवार

सकाळी १० वाजून २३ मिनिटांनी घर हललं. मी किचनमधे लॅपटॉप घेऊन मीटिंगवर होते, आधी वाटलं रस्त्यावरून मोठा ट्रक गेला, मग कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींवर वाजायला लागल्या आणि पायाखालची फरशी अशी सरकली की मला क्षणात सोलापूर आठवलं. थांबल्यावर लिव्हिंग रूममधे गेले तर फायरप्लेससमोर काजळीचा ढीग पडलेला, त्यात लाल मातीच्या पाइपचा तळहाताएवढा तुकडा. बाहेर लॉनवर चिमणीच्या डोक्यावरचं सिमेंटचं झाकण, ज्याला इथे क्राउन म्हणतात, त्याचे तीन तुकडे आणि पाच विटा. वरचे चार थर मागच्या बाजूला झुकलेले खालूनही दिसतायत.

बातम्यांत ४.८ रिश्टर सांगतायत, केंद्र इथे न्यू जर्सीतल्या व्हाइटहाउस स्टेशन नावाच्या गावाजवळ, म्हणजे आमच्यापासून पंधराएक मैल.

नवऱ्याने एक काम फार चांगलं केलं, पहिल्या दहा मिनिटांत बेसमेंटमधे जाऊन बॉयलर आणि वॉटर हीटर दोन्ही बंद केले. या जुन्या घरात दोन्हींचा धूर त्याच चिमणीतून वर जातो, त्यांचं नळकांडं फायरप्लेसच्या शेजारी पण वेगळं. आतून तडा गेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, त्याला वास नाही रंग नाही. चिमणी म्हणजे फक्त फायरप्लेस असं समजून बसलेल्यांनी हे आधी वाचा, इन्शुरन्स नंतर.

५ एप्रिल, रात्री

सहाच्या सुमाराला परत एक धक्का, छोटा. मुलगी माझ्याजवळ झोपलीये. आईचा फोन आला, तिने पहिलं विचारलं "भिंती कशात बांधल्यात?" किल्लारीनंतर सोलापूर-लातूरकडचं कोणीही हाच प्रश्न विचारेल. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, मी नऊ वर्षांची होते, आम्ही सगळे अंगणात बसून राहिलो होतो. नंतर मामाच्या गावाला गेलो तेव्हा बघितलं, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर धाब्याचं जड माळवद, सगळं आतल्या माणसांवर बसलं होतं. आईला म्हटलं भिंती लाकडाच्या आहेत, फक्त धुराडं विटांचं आहे. ती म्हणाली, मग तेवढंच पडणार.

आणि तसंच आहे. घराची लाकडी चौकट वाकते, सावरते. चिमणी म्हणजे आत एकही सळई नसलेला विटांचा खांब, छपराच्या वर एकटा उभा. भूकंपाची तीव्रता मोजायच्या मर्काली स्केलमधे सहाव्या पायरीवरच लिहिलंय, थोडं प्लास्टर पडतं, काही चिमण्यांना इजा होते. म्हणजे जगभर पहिला मार हिलाच बसतो.

६ एप्रिल, शनिवार

आजचं काम फक्त पुरावा.

फोटो काढले, चारही बाजूंनी, खालून आणि वरच्या बेडरूमच्या खिडकीतून, प्रत्येक फोटोत टेप धरून म्हणजे फट किती ते कळतं. पडलेल्या विटा हलवायच्या आधी तशाच्या तशा टिपल्या, मग नंबर घालून गॅरेजमधे ठेवल्या. ओळंबा सोडून बघितला, सहा फुटांत साधारण दोन इंच झुकलीये. नंतर एका रूफरला बोलावून वर ताडपत्री बांधून घेतली, ३८० डॉलर, पावती फाइलमधे. नुकसान झाल्यावर ते आणखी वाढू नये म्हणून तात्पुरता बंदोबस्त करणं पॉलिसीप्रमाणे आपलंच काम असतं, आणि ते केलं नाही तर नंतर पाऊस आत गेल्याचं खापर आपल्यावर येतं.

जुनी कागदपत्रं उपसताना २०१६ चा, घर घेतानाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट सापडला. चिमणीचे दोन फोटो आहेत आणि खाली एक ओळ, छपरावरच्या भागाच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, झिजल्या आहेत, भरून घ्याव्यात. आठ वर्षं झाली. ती ओळ मी तेव्हा वाचली होती, आज परत वाचताना पोटात गोळा आला.

७ एप्रिल, रविवार

पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. एकूण ४४ पानं. दुपारभर टेबलावर पसरून बसले, मार्कर घेऊन.

आमची एचओ-३ प्रकारची घराची पॉलिसी आहे, इथे बहुतेक घरांची तीच असते. चिमणी घराला जोडलेली म्हणजे घराचाच भाग, कव्हरेज ए मधे, म्हणजे घराच्या इमारतीच्या विम्यात येते, त्यात वाद नाही. घरासाठी ही पॉलिसी उलटी चालते, म्हणजे जे नाकारलंय ते सोडून अचानक झालेलं बाकी सगळं मिळतं. त्यामुळे "चिमणी कव्हर आहे का" हा प्रश्नच चुकीचा निघाला, प्रश्न असतो "कशाने मोडली". वीज पडली, झाड कोसळलं, वादळवाऱ्याने पाडली, गाडी येऊन धडकली, आत साचलेल्या क्रिओसोटने, म्हणजे लाकडाच्या धुराच्या डांबरासारख्या थराने, पेट घेऊन नळकांडं फुटलं, हे सगळं मिळतं. झीज, कुजणं, गंज, घर बसल्यामुळे भिंतीला गेलेले तडे, पक्षी-उंदरांनी केलेली नासधूस, देखभाल न केल्याचा परिणाम, हे मिळत नाही.

आणि मग ते पान आलं. जमिनीची हालचाल. भूकंप, भूस्खलन, जमीन खचणं, वर येणं, सरकणं, सगळं वगळलेलं. त्यातून आग लागली किंवा स्फोट झाला तर त्या आगीचं नुकसान देऊ असं लिहिलंय, बाकी नाही. त्या सगळ्या यादीच्या डोक्यावर एक वाक्य आहे जे मी चार वेळा वाचलं, की दुसरं कुठलंही कारण सोबत असलं, आधी घडलं किंवा नंतर घडलं, तरी हे नुकसान वगळलेलंच. म्हणजे भूकंपाने खिळखिळी झाली आणि पुढच्या आठवड्यात वाऱ्याने पडली असं म्हणायची वाट त्या एका वाक्याने बंद केलीये.

भूकंपाचं वेगळं जोडपत्र मिळतं, एंडोर्समेंट. आमच्याकडे ते नाही. न्यू जर्सीत भूकंप हा विचार आठ वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही, मी, जी किल्लारीच्या पहाटे अंगणात बसले होते तिच्याही.

८ एप्रिल, सोमवार

एजंटला फोन. माणूस चांगला आहे, खोटी आशा दाखवली नाही, म्हणाला सकाळपासून हाच अकरावा फोन. त्याने सांगितलेली एक गोष्ट कामाची, क्लेम अधिकृत नोंदवला की तो क्लू नावाच्या सामाईक रेकॉर्डमधे सात वर्षं दिसतो, त्यामुळे शून्य रुपये मिळणार हे माहीत असताना नोंदवायचा का ते ठरवा. आम्ही रात्री बोलून ठरवलं की नोंदवायचा, कारण आतून नेमकं काय झालंय ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि नकार मिळाला तरी तो कारणासकट लेखी हवा.

ऑफिसमधल्या एकाने सुचवलं की बुधवारी पाऊस-वारा होताच, त्यात पडली म्हणून सांग. नाही सांगणार. खोटं सापडलं तर पॉलिसीच रद्द होऊ शकते हे एक, आणि दुसरं म्हणजे मला ते करायचं नाही.

दुपारी ग्रहण होतं, इथून जवळपास ९० टक्के झाकलं गेलं. सगळी गल्ली बाहेर येऊन वर बघत होती, मी चष्मा लावून सूर्य बघितला आणि चष्मा काढून चिमणी.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. वॉटर हीटर बंद, गॅसवर पातेल्यात पाणी तापवून सगळ्यांच्या आंघोळी. गुढी उभारली, दरवर्षी चिमणीच्या बाजूच्या खिडकीत उभारतो, या वेळी दुसऱ्या बाजूला. रात्री इलेक्ट्रिक हीटरवर चाललंय, मुलगी दोन स्वेटर घालून झोपते.

११ एप्रिल, गुरुवार

चिमणीवाला आला, सर्टिफिकेट असलेला. आम्ही मुद्दाम लेव्हल टू तपासणी मागितली. इथे एनएफपीए २११ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. नेहमीची वर्षाची ती पहिली, भूकंप, वीज, चिमणीतली आग असं काही झाल्यावर किंवा घर विकताना दुसरी, आणि तोडफोड करून बघावं लागलं तर तिसरी. दुसऱ्या पातळीत कॅमेरा आत सोडून बघतात.

मी त्याच्या शेजारी उभी राहून स्क्रीन बघत होते. नळकांडं म्हणजे एकावर एक ठेवलेले भाजक्या मातीचे चौकोनी पाइप, प्रत्येक दोनेक फुटांचा. वरून तिसरा आणि चौथा यांच्यातला सांधा सरकलाय, बोट जाईल एवढा. त्याने कॅमेरा थांबवला आणि मला दोन तडे दाखवले. एकाच्या कडा ताज्या केशरी, तुटलेल्या कौलासारख्या, म्हणजे हा शुक्रवारचा. दुसरा त्याच्याच खाली, कडा काळ्या कुळकुळीत, आतपर्यंत काजळी बसलेली, म्हणजे हा किती वर्षांचा कोण जाणे. मी विचारलं, हा आधीचा तडा असताना आम्ही गेल्या हिवाळ्यात आग पेटवत होतो? तो हो म्हणाला. मी बराच वेळ काही बोलले नाही.

छपरावर गेल्यावर बाकीचं कळलं. १९२८ ची मूळ बांधणी चुन्यात आहे, मऊ चुना, मऊ विटा. मधे कधीतरी, आमच्या आधीच्या कोणीतरी, दर्जा कडक पोर्टलँड सिमेंटने भरल्यात. दिसायला भक्कम. पण चुन्यातून विटेतला ओलावा बाहेर निघून जातो, कडक सिमेंटमधून निघत नाही, मग पाणी विटेतच अडकतं, थंडीत त्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचा चेहराच सोलून निघतो. आमच्या उत्तरेकडच्या विटांना असे पोपडे सुटलेत, खाली पांढरा लोणा. सिमेंटच्या पातळ पापुद्र्यामागे चुना वाळूसारखा झालाय, त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि वाळू भुरभुर माझ्या हातावर पडली. ती मूठभर वाळू मी एका डबीत भरून ठेवलीये.

अंदाज: छपरावरचा भाग उतरवून नव्याने बांधणं ७,४०० डॉलर, दोन्ही नळकांड्यांना स्टेनलेस स्टीलचं अस्तर ३,८५०. एकूण ११,२५०.

१९ एप्रिल, शुक्रवार

इन्शुरन्सचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, आला. चाळीस मिनिटं. मी रिपोर्ट, फोटो, २०१६ चा इन्स्पेक्शन, सगळं दिलं, ती एक ओळ सुद्धा लपवली नाही.

निघताना मी त्याला सरळ विचारलं, समजा भूकंपाऐवजी वीज पडून ही चिमणी अशीच फुटली असती तर? म्हणाला, विजेने फोडलं तेवढं दिलं असतं, जुना काळा तडा आणि वाळू झालेल्या दर्जा दिल्या नसत्या. आणि आधी हातात येते ती घसारा कापलेली रक्कम, दुरुस्ती पूर्ण करून बिलं दिली की उरलेली. म्हणजे कारण आपल्या बाजूचं असतं तरी जुनेपण वेगळं काढून बाजूला ठेवलंच असतं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही समजत होतो की एकदा कारण बसलं की चिमणी नवी मिळते.

गल्लीच्या टोकाचे आजोबा म्हणाले त्यांना त्यांचं घर जुनं म्हणून एचओ-८ दिलीये. त्यांच्या पॉलिसीत उलट आहे, मोजकीच कारणं नावानिशी लिहिलीत, त्यात नसेल तर नाही, आणि जुन्या नक्षीच्या विटांच्या जागी साधं आजचं सामान लावण्याचेच पैसे मिळतात. ज्यांचं घर शंभरीला आलंय त्यांनी पहिल्या पानावरचा हा आकडा बघून घ्यावा, एचओच्या पुढचा.

२ मे, गुरुवार

पत्र आलं. नकार. कारणं दोन: जमिनीची हालचाल, आणि दीर्घकाळची झीज व देखभालीचा अभाव.

पहिलं अपेक्षितच होतं. दुसरं वाचून मी स्वयंपाक अर्धा टाकून बाहेर जाऊन उभी राहिले. राग आला म्हणून नाही, अर्धं खरं होतं म्हणून.

४ मे, शनिवार

दोन दिवस विचार करून उत्तर लिहिलं. नकाराविरुद्ध भांडले नाही. फक्त एवढं लिहिलं की छपरावरच्या दर्जा झिजलेल्या होत्या हे मान्य, पण केशरी कडेचा तडा, सरकलेला सांधा, झुकलेले थर आणि पडलेलं क्राउन हे ५ एप्रिलचं आहे, सोबत तपासणीचे फोटो, तेव्हा कारणं वेगवेगळ्या नुकसानासमोर वेगवेगळी लिहा. हा हट्ट कशासाठी, तर "देखभालीचा अभाव" सगळ्या घरावर शिक्क्यासारखं लागलं तर पुढच्या रिन्यूअलला तेच वाचतील.

टॅक्समधे वजावट मिळते का तेही बघितलं. २०१८ पासून लागू झालेल्या आणि २०२४ मधे चालू असलेल्या नियमात घराचं असं नुकसान केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीतच दाखवता येत होतं, आमचा भूकंप तसा जाहीर झालेला नव्हता. तोही रस्ता संपला.

तर ११,२५० आमचे. किचनचं काम पुढच्या वर्षी.

७ मे

ताडपत्रीच्या कडेने एक फट राहिली होती, तिथे आज जाळी मारून घेतली. चिमणी स्विफ्ट नावाचे पक्षी याच सुमाराला दक्षिणेतून येतात आणि उघड्या धुराड्यात आतल्या भिंतीला काड्यांचं घरटं चिकटवतात. एकदा अंडी घातली की कायद्याने त्यांना हात लावता येत नाही, १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे, मग पिल्लं उडेपर्यंत काम बंद. संध्याकाळी दोन घिरट्या घालताना दिसले, जाळीवर येऊन परत गेले. वाईट वाटलं. शेजारच्यांची जुनी चिमणी वापरात नाही आणि वरून उघडी आहे, तिकडे गेले असतील.

२० ते २४ मे

काम झालं. गवंडी म्हातारा, पोर्तुगीज, हातात जादू. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं चुनाच पाहिजे, तर तो हसला आणि म्हणाला बाई, मी पण तेच सांगणार होतो. आधी त्याने ढासळलेला भाग थराथराने उतरवला, चांगल्या विटा घासून वेगळ्या केल्या, १४० निघाल्या. पोपडे आलेल्या फेकल्या नाहीत, आतल्या ओळीत लावल्या. रोज दुपारी पोतं ओलं करून नवीन बांधकामावर टाकायचा, चुना सावकाश वाळला पाहिजे म्हणून. मला आजोळी विहिरीच्या कठड्याला पाणी मारणारा मामा आठवला.

उंची तीच ठेवली पण मापून घेतली, छपरातून निघते तिथपासून किमान ३ फूट आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्या २ फूट वर असा नियम आहे. चिमणी ३० इंचांपेक्षा रुंद आहे म्हणून मागच्या बाजूला छपरावर छोटं दुपाखी उंचवटं बनवलं, पाणी दोन्हीकडे वळायला, ते आधी नव्हतंच, एवढी वर्षं सगळं पाणी विटांच्या पाठीशी तुंबत होतं. क्राउन या वेळी विटांच्या बाहेर दोन इंच काढून खाली पाणी तुटायला खाच ठेवली. वर जाळीची टोपी.

शुक्रवारी संध्याकाळी बॉयलर आणि वॉटर हीटर चालू. सात आठवड्यांनी नळाला गरम पाणी. मुलगी अर्धा तास शॉवरमधून बाहेर आली नाही आणि मी तिला एकदाही ओरडले नाही.

१२ जून

इन्शुरन्सचं सुधारलेलं पत्र. नकार कायम, पण आता कारणं वेगळी मांडलीत, ५ एप्रिलच्या नुकसानासमोर फक्त भूकंप, झीज फक्त छपरावरच्या दर्जांसमोर. पैसे शून्यच आहेत तरी मला या कागदाने बरं वाटलं.

१८ ऑगस्ट

रिन्यूअल आलं, पॉलिसी चालू राहिली. भूकंपाच्या जोडपत्राचा भाव मागवला, एप्रिलमधे कंपनीने नवीन देणं थांबवलं होतं, आता परत सुरू. हप्ता फार नाही. पण डिडक्टिबल ठरलेली रक्कम नसते, घराच्या विम्याच्या टक्क्यांत असते. आमचं घर ५ लाख २० हजाराला इन्शुअर आहे, १० टक्के म्हणजे ५२ हजार आधी आपले, त्याच्या वरचं ते देणार. ११,२५० ची चिमणी त्या ५२ हजाराच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे एप्रिलमधे हे जोडपत्र असतं तरी मला एक डॉलर मिळाला नसता. सगळेजण मला चार महिने सांगत होते की ते घेतलं असतंस तर, आणि मीही रात्री जागून तेच म्हणत होते.

तरी घेतलं. चिमणीसाठी नाही, पाया सरकला किंवा घर तिरकं झालं तर त्यासाठी. चिमणीसाठी वेगळं खातं उघडलं, दर महिन्याला ६० डॉलर, त्यातून वर्षाची तपासणी आणि दर्जांचं काम.

१७ नोव्हेंबर, रविवार

फायरप्लेस अजून पेटवलेली नाही. ऑक्टोबर इतका कोरडा गेला की राज्यात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात कोरडा म्हणतायत, उत्तरेला न्यू यॉर्कच्या हद्दीवर जेनिंग्स क्रीकचा वणवा आठवडाभर धुमसतोय, आज सकाळी हवेत त्याचा वास होता. अशा दिवसांत चिमणीतून ठिणगी उडवायची नाही. जाळी आहे तरी नाही.

त्याऐवजी चिमणीवाल्याला बोलावून वर्षाची तपासणी करून घेतली, कॅमेऱ्यासकट. अस्तर सरळ, सांधे बंद, दर्जा कडक. मग मी आणि मुलीने चारही बाजूंनी फोटो काढले, प्रत्येक फोटोत तिने टेप धरला. ओळंबा सोडला, सहा फुटांत काहीच फरक नाही, दोरा विटेला समांतर. सगळे फोटो, गवंड्याचं बिल, अस्तराची वॉरंटी, आजचा रिपोर्ट एका फोल्डरमधे, एक कॉपी ढगात आणि एक सोलापूरला आईच्या कपाटात ठेवायला भावाला पाठवली. वाळूची डबी फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवलीये. पुढची तपासणी: ऑक्टोबर २०२५, तारीख फोनमधे टाकली.